अर्पेनिकचा पाय आणि माझे सहा महिने

९ एप्रिल

तिकीट काढलं. शुक्रवारचं. लेक तागुही सकाळपासून माझ्याशी भांड्यांतूनच बोलते आहे — झाकण आपटते, बशी आपटते, कपाट आपटते.

बहीण पडली आहे माझी! तिकडे आमच्या गावी, ग्युमरीत, अजून पायऱ्यांवर बर्फ आहे. इमारतीच्या दारातच घसरली, खुब्यापाशी हाड मोडलं. ऑपरेशन झालं, स्क्रू घातले. आणि यातलं एक अक्षर तिने मला सांगितलं नाही. फोनवर म्हणत होती, जरा सर्दी आहे. शेवटी तिच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या गुर्गेनचा फोन आला. हा फुटबॉलचा पंच होता, आता निवृत्त. त्यानेच तिला उचलून दवाखान्यात नेलं. "सातेनिकबाई, मी सांगितलं हे तिला सांगू नका," म्हणाला आणि ठेवलाच.

तागुहीचं म्हणणं, नोव्हेंबरात तुझा नागरिकत्वाचा अर्ज जायचा. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून तू या देशाबाहेर पाऊल टाकलं नाहीस आणि नेमकं आता जातेस. मी म्हटलं, मावशीने हाड नेमकं आता मोडलं, मी काय करू? तेव्हा तिने नियम सांगितला. सहा महिन्यांच्या आत परत आलं पाहिजे. एक दिवस जरी वर गेला, तर आजवरची वर्षं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

मी म्हटलं, मी दोन महिन्यांत येते.

१२ एप्रिल

विमानतळ. जावई व्रेझने पिशवी उचलून दिली आणि हळूच म्हणाला, "आई, जेवढं लागेल तेवढं राहा, पण लवकर या." या मुलाचं असंच असतं.

१५ एप्रिल, ग्युमरी

पोचले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्यात तोच वास — ओला दगड आणि कुणाच्या तरी घरचा तळलेला कांदा. मला रडू आलं नाही. वाटलं होतं येईल.

अर्पेनिक पलंगावर राणीसारखी. एकाहत्तर वर्षांची, खुब्यात लोखंड, पण आवाज तसाच! तीस वर्षं ग्युमरी स्टेशनवर गाड्यांची घोषणा करायची ती. आजही घरात बोलते ते फलाटावर ऐकू जाईल असं. मला दारात पाहून म्हणाली, "लॉस एंजेलिसहून येणारी गाडी अपेक्षेपेक्षा जाड होऊन आलेली आहे."

मग मला जवळ ओढलं आणि माझ्या केसांत तोंड लपवलं.

२८ एप्रिल

दिवस कसे जातात कळत नाही. सकाळी तिला उठवून बसवायचं, अंघोळ घालायची, पायाला तेल. दोन्ही हातांनी चौकट धरून ती खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते आणि मला शिव्या देते. मी लहान असताना तिने मला असंच चालायला शिकवलं असेल. शिव्याही याच असतील.

खरं तर तिने मला दोनदा वाढवलं. भूकंपात माझा नवरा गेला. मोज्यांच्या कारखान्याची भिंत. मी तेव्हा एकतीस वर्षांची, तागुही सहाची. डोक्यावर छप्पर नाही. मग आम्ही तिघी एका लोखंडी डब्यात राहिलो, मालगाडीच्या डब्यासारख्या. आठ हिवाळे! सगळे म्हणत होते दोन वर्षांत घरं देऊ. त्या आठ वर्षांत अर्पेनिकला दोन स्थळं आली. दोघांनाही तिने विचारलं, आम्ही तिघी आहोत, चालेल का? नाही चाललं.

म्हणून तर नागरिकत्व. मी नागरिक झाले की बहिणीसाठी अर्ज करता येतो. मुलीच्या घरी खोली आहे, ऊन आहे, पायरीवर बर्फ नाही. हे मी तागुहीला सांगितलं आहे, व्रेझला सांगितलं आहे. अर्पेनिकला तर दर फोनला सांगते. ती म्हणते, "बरं, बरं." तिला विश्वास नसावा.

१९ मे

तिला काठीवर आणलं! गुर्गेनचीही मदत होते. रोज संध्याकाळी वर येतो, तिला जिन्यापर्यंत नेतो, घड्याळ लावून व्यायाम करून घेतो. माणूस कोरडा आहे, हसत नाही. ती मध्येच बसली की खिशातून पिवळं कार्ड काढतो. खरंच काढतो! दोन झाली की त्या दिवशी कॉफी बंद. अर्पेनिक चिडते. मी त्याला म्हटलं, अहो आजारी बाई आहे, जरा मऊ घ्या. म्हणाला, "मऊ घेतलं तर ती माझ्यावर चढून बसेल." यात खोटं काहीच नव्हतं.

जूनच्या मध्यावर परत जायचं तिकीट बघते आहे.

११ जून

स्क्रू सरकला.

दोन दिवस दुखतंय म्हणत होती, मी म्हटलं ढगाळ आहे म्हणून असेल. आज फोटो काढला. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, पुन्हा उघडावं लागेल.

ती म्हणाली, "सातो, तू जा. तुझं तिकीट आहे. मी इथल्या नर्सेसना घाबरवून कामाला लावीन."

नाही गेले.

१४ जून

झालं ऑपरेशन. नीट झालं. शुद्धीवर येताना गाड्यांची नावं घेत होती, ग्युमरीला लेनिनाकान म्हणायचे त्या काळातली — लेनिनाकान–तिफ्लिस, दुसरा फलाट. नर्स हसली. मी बाहेर जाऊन बाकावर बसले, तर तिथे गुर्गेन होता. केव्हापासून बसला होता कोण जाणे. मी म्हटलं, ठीक आहे. त्याने मान हलवली आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. केवढं काळजीवाहू शेजारीपण! आमच्या इमारतीत अशी माणसं उरली आहेत अजून.

३० जून

जर्दाळू आले. एवढे की बादल्या भरल्या. अर्पेनिक चाकांच्या खुर्चीत, मांडीवर परात, बिया काढते. मी मुरंबा ढवळते. आणि समोर मोबाइल टेकवून माझा नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास चालू. नात मानूश ग्लेंडेलच्या घरून प्रश्न विचारते, मी इंग्रजीत उत्तर द्यायचं. पहिला प्रश्न, सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती? मला आठवेना. तर अर्पेनिकने जोरात घोषणा केली, "सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश नऊ, प्रवाशांनी नोंद घ्यावी!" तिला इंग्रजी येत नाही. मी घोकत असते ते ऐकून-ऐकून पाठ झालं.

मानूश म्हणाली, "मोठ्या आज्जीलाच करा ना नागरिक." मी म्हटलं, तेच तर करायचंय, आधी मी, मग ती.

अर्पेनिक बिया काढत राहिली.

७ जुलै

वर्दावार, पाण्याचा सण. आज कुणी कोरडं राहायचं नाही. सकाळपासून पोरं गच्चीवरून बादल्या ओतत होती. खाली पोलीस भिजला, पाद्री भिजला, पाव घेऊन चाललेली बाई भिजली आणि तिचा पावही. मी अर्पेनिकची खुर्ची खिडकीपाशी ठेवली होती, नुसतं बघायला. जखम अजून कोवळी, तिला पाणी लागायला नको.

दार वाजलं. उघडलं तर गुर्गेन. इस्त्रीचा शर्ट, हातात चहाचा पेला. मला वाटलं चहा आणला. तो सरळ तिच्यापर्यंत गेला, वाकला आणि पेला तिच्या डोक्यावर ओतला. एक पेला, थंड पाणी. मी ओरडले त्याच्यावर! वेडा झालास का, पडसं होईल, जखम आहे. त्याला वाटेल ते बोलले.

आणि ती हसत होती. पाणी नाकावरून ओघळतंय, केस चिकटलेत आणि ती हसते आहे. पुसू देईना मला. म्हणाली, "असू दे गं. कित्येक वर्षांत माझ्यावर कुणी पाणी टाकलं नाही."

मी गुर्गेनला सांगितलं, पुन्हा असं केलंत तर आतच घेणार नाही. तो "बरं" म्हणून गेला.

२ ऑगस्ट

तागुहीचा फोन. रोज असतो, पण आजचा वेगळा. डॉक्टर म्हणतात नोव्हेंबरपर्यंत तिला जिना एकटीने जमणार नाही, हे मी सांगितलं. ती म्हणाली, "आई, बारा ऑक्टोबर ही शेवटची तारीख. माहीत आहे ना?"

मी विचारलं, काही सूट नसते का गं? आजारपण आहे, कागद आहेत दवाखान्याचे. तिला म्हटलं, चर्चमागच्या मदत केंद्रात सिल्वाबाई बसतात, असे अर्ज त्याच भरून देतात, त्यांना विचार.

१० ऑगस्ट

तागुही केंद्रात जाऊन आली. म्हणाली, सूट नाही. नियम तो नियम.

मी म्हटलं, ठीक आहे. ठीक नाहीये.

२५ ऑगस्ट

अर्पेनिक काठीवर स्वयंपाकघरापर्यंत जाते. जिना नाही जमत. तिसऱ्या मजल्यावर कोंडल्यासारखी होईल, मी गेले तर. पाव कोण आणणार? औषध? हिवाळा येणार, पायऱ्यांवर बर्फ. पगारी बाई ठेवू म्हटलं, तर तिने आलेल्या दोघींना घोषणा करून घालवलं. एक म्हणे फार बोलते, दुसरी म्हणे बोलतच नाही.

रोज मला म्हणते, "जा. सातो जान, तू जा. तुझा अर्ज महत्त्वाचा." रोज! सकाळी कॉफीबरोबर, संध्याकाळी तेल लावताना. आपलं मन मारायची सवयच आहे तिला. लोखंडी डब्यातही शेवटचा बटाटा "मला नको, पोटात दुखतंय" म्हणून तागुहीच्या ताटात टाकायची. आता तेच. मला नको, तू जा.

या वेळी मी तिला तसं करू देणार नाही.

१४ सप्टेंबर

ठरवलं. नाही जात.

दिवसभर मनात हेच. भाजीच्या दुकानात सुटे पैसे घ्यायला विसरले, परत बोलावून दिले त्यांनी. अर्ज काय, पुन्हा होईल. सदुसष्टला नाही तर बहात्तरला नागरिक होईन. कार्ड तर आहे, घरी जाता येतंच. फक्त अर्पेनिकचं अमेरिकेला येणं तेवढं लांबेल. पण पाय बरा नसेल तर अमेरिकेला येऊन तरी काय करणार ती?

हे सगळं पटतं. पण तागुहीला काय सांगू?

१५ सप्टेंबर

सांगितलं. ती ओरडली नाही. "तू ठरवलंस का?" म्हणाली. मी हो म्हटलं. "बरं," म्हणाली आणि ठेवला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तिकीट रद्द करायला उद्या जाते. अर्पेनिकला उद्याच सांगेन, एकदम.

१६ सप्टेंबर

हे सगळं नीट लिहून ठेवलं पाहिजे. नाहीतर उद्या माझं मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी कॉफी दिली आणि म्हटलं, अर्पो, मी जात नाही. हिवाळाभर राहते. वसंतात बघू.

मला वाटलं रडेल. निदान हात तरी धरेल. तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं रुळांवर उतरून फोटो काढणाऱ्या प्रवाशाकडे बघावं.

"का?" म्हणाली.

का म्हणजे काय? तू एकटी आहेस म्हणून. तुझा पाय. जिना.

"मी तुला पाच महिने सांगते आहे, जा. दिवसातून दोनदा सांगते आहे. तुला ऐकू येत नाही का?"

मी म्हटलं, मला तुझा स्वभाव माहीत आहे. तू माझ्यासाठी म्हणून —

"तुझ्यासाठी?" तिचा आवाज खालच्या अंगणात गेला असणार. "बाई गं, माझ्यासाठी! माझ्यासाठी जा! तू आहेस म्हणून तो माणूस एप्रिलपासून रोज अर्धा तास येतो, पिवळं कार्ड दाखवतो आणि खाली जातो. तू दारात उभी. तू स्वयंपाकघरात. तू तेल घेऊन हजर. आम्हाला दोन वाक्यं बोलता आली नाहीत."

कोण माणूस, मी विचारलं. खरंच विचारलं! लिहितानाही लाज वाटते.

तिने नुसतं जमिनीकडे बोट केलं. तळमजला.

मी बसले. मग तिने सगळं सांगितलं, एरवीच्या आवाजात नाही, खालच्या आवाजात. हा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. गुर्गेनची बायको जाऊन चार वर्षं झाली. अंगणात सोंगट्या खेळायला तो बसायचा, ही वरून खिडकीतून त्याचा डाव चुकतोय म्हणून ओरडायची. एक दिवस तो म्हणाला, वरून ओरडण्यापेक्षा खाली येऊन खेळ. तसं सुरू झालं. गेल्या हिवाळ्यात त्याने लग्नाचं विचारलं. ती पडली त्या दिवशी "हो" सांगायलाच खाली चालली होती. तो अंगणात होता; इमारतीच्या दारातून निघाली आणि घसरली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने कप बाजूला सारला. "तू माझ्यासाठी अख्खी अमेरिका आणायला निघाली होतीस. फोनवर रोज. खोली तयार आहे, ऊन आहे, तू म्हातारी झालीस की मी बघेन. तुला मी कसं सांगू की मला नको आहे? मला इथेच राहायचंय, तळमजल्यावर. तिथे तर जिनाही नाही."

मग पुन्हा ती नेहमीची अर्पेनिक झाली. "आणि तुझं ते बहिणीला बोलावणं! गुर्गेनच्या पुतण्याने विचारून ठेवलंय. चौदा-पंधरा वर्षं लागतात. सातो, मी शहाऐंशीची होईन. तोवर मी कुठल्या गाडीत बसलेली असेन, त्याची घोषणा मलाही करता येणार नाही."

आधी मला राग आला. मग — कसं लिहू? मला वाटलं रडू येतंय. हसू होतं. मी एवढी हसले की कॉफी सांडली. ती घाबरली. मग तीही हसायला लागली. दोघी म्हाताऱ्या, पाय मोडलेली एक आणि डोकं नसलेली एक.

पस्तीस वर्षं मनावर एक धोंडा होता. हिने आमच्यासाठी आपलं आयुष्य दिलं, मी तिला काय दिलं? आज तो खाली ठेवला. तिला माझं काहीच नकोय! तिला एक पंच हवाय.

१७ सप्टेंबर

सकाळीच तागुहीला फोन केला. तिकडे रात्र होती, तरी दुसऱ्या घंटेला उचलला. म्हटलं, येते आहे. तीन ऑक्टोबर. ती म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, नक्की, मला इथून हाकललंय. मग मावशीचं सांगितलं. आधी हसू, मग बराच वेळ नाक ओढल्याचे आवाज.

१८ सप्टेंबर

गुर्गेन वर आला. इस्त्रीचा शर्ट. माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सातेनिकबाई, रीतसर विचारायला आलोय. घरात मोठं कुणी नाही, म्हणून तुम्हालाच."

मी म्हटलं, मी तर धाकटी.

"तरी. तिला विचारायची हिंमत होते, तुम्हाला विचारायची होत नव्हती."

मी त्याला बसायला सांगितलं, गाटा केक कापला, कॉफी केली. मग वर्दावारला जे बोलले होते त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्ही बरोबर होतात. पाणी फार थंड होतं."

२८ सप्टेंबर

लग्न झालं! सकाळी नोंदणी कचेरीत, मग चर्चच्या बाजूच्या छोट्या खोलीत पाद्र्याने आशीर्वाद दिला. जिना उतरायला तिला गुर्गेनच्या दोन पुतण्यांनी खुर्चीसकट उचललं. ती वरून हात हलवत होती, मंत्री निघाल्यासारखी. पाहुणे मोजकेच. द्राक्षाच्या पानांत भरलेले तोलमा मी केले, मांस त्याच्या बहिणीने आणलं, दारू अंगणातल्या सोंगट्यावाल्यांनी. गुर्गेनने भाषण केलं — एकच वाक्य. "आयुष्यभर मी शिट्टी वाजवून खेळ थांबवला, आज पहिल्यांदा सुरू केला." सगळे रडले. मी सुद्धा. हा माणूस हसत नाही, पण आज त्याचे कान लाल होते.

तिचं सामान तळमजल्यावर नेलं. संध्याकाळी मी वरच्या घरात एकटी होते, आणि चांगलं वाटलं. खालून तिचा आवाज येत होता.

३ ऑक्टोबर, विमानात

बारा तारखेच्या आत. वेळेत.

निघताना अर्पेनिक दारापर्यंत आली, काठीवर, स्वतःच्या पायांनी. निरोपाचं काही बोलली नाही. गाडी वळली तेव्हा मागून ऐकू आलं, "ग्युमरीहून सुटणारी गाडी रवाना झालेली आहे." सगळ्या गल्लीने ऐकलं असेल.

४ ऑक्टोबर, ग्लेंडेल

आत घेतलं!

विमानतळावरची रांग लांब होती. तपासणी अधिकारी तरुण होता, केस बारीक कापलेले. कार्ड घेतलं, पडद्यावर बघितलं. किती दिवस बाहेर होता? मी सांगितलं, जवळजवळ सहा महिने. बराच काळ, तो म्हणाला. का? इतके महिने तयार केलेली सगळी इंग्रजी वाक्यं पळून गेली. मी म्हटलं, बहीण. पाय. तुटला. दोनदा ऑपरेशन.

आता कशी आहे, त्याने विचारलं.

मी म्हटलं, "लग्न केलं. त्याच पायावर."

त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग कार्ड परत दिलं आणि म्हणाला, तिला माझ्याकडून अभिनंदन सांगा. संपलं! एवढंच! मी सहा महिने या माणसाला घाबरत होते.

बाहेर तागुही उभी होती. मला धरलं ते सोडेना. मागून टॅक्सीवाले बोंबलत होते. व्रेझ पिशव्या घेऊन बाजूला उभा राहिला, आकाश बघत.

५ ऑक्टोबर

झोपले. उठले. पुन्हा झोपले. घरात कुणाला माझी मदत लागत नाहीये, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

२६ ऑक्टोबर

आता मी हा अर्ज का करते आहे? आज मानूशने विचारलं. आजवर उत्तर तयार असायचं — अर्पेनिकसाठी. आज म्हटलं, थांब, विचार करू दे. भाजी चिरता-चिरता विचार केला. मला इथल्या निवडणुकीत मत द्यायचं आहे. वाचनालयासमोर सिग्नल हवाय, त्याच्यासाठी. आणि माझं घर कुठे म्हणून कुणी विचारलं, तर पाहुणी आहे असं म्हणायला नको. बस, एवढंच. ही कारणं छोटी आहेत, पण माझी आहेत.

२० नोव्हेंबर

अर्ज गेला! मदत केंद्रात सिल्वाबाईंनी तासभर बसून भरला. पाच वर्षांत एकच प्रवास, तोही सहा महिन्यांच्या आत — म्हणाल्या, असे सोपे अर्ज महिन्यातून एखादाच येतो. बाहेर पडले तर पाय जमिनीवर नव्हते. बेकरीत जाऊन सगळ्यांसाठी पेस्ट्री घेतली, आणि एक तिथेच खाल्ली, उभ्याउभ्या.

तेवढ्यात सिल्वाबाईही बेकरीत आल्या आणि सहज म्हणाल्या, "तुमची मुलगी ऑगस्टमध्ये आली होती विचारायला. मी तिला सांगितलं होतं, काळजी करू नका. सहा महिने उलटले तरी वर्षाच्या आत असेल आणि आजारपणाचे कागद असतील, तर सहसा समजून घेतात. फार तर थोडं थांबायला लागतं. आईला हवं तेवढं राहू दे."

पेस्ट्री घशाखाली गेली ती या वाक्यासकट.

२१ नोव्हेंबर

तागुहीला गाडीत विचारलं. तुला माहीत होतं?

"हो."

मग खोटं का सांगितलंस?

ती समोर बघत होती. "सूट आहे म्हटलं असतं, तर तू राहिली असतीस. मग हिवाळा, मग वसंत. आई, मावशीने पाय मोडला तर तू विमान पकडतेस. माझं काहीच मोडलेलं नाही. मी तुला कशाच्या जोरावर परत बोलावणार होते? माझ्याकडे तेवढा नियमच होता."

सिग्नल हिरवा झाला. ती हलेना, मीही तिला सांगितलं नाही. मागचा हॉर्न वाजवत राहिला. वाजवू दे.